युरोप सहलीचे शेवटचे चार दिवस: इटली दिसते की नुसती मागे पडते?

मुक्काम_पोस्ट:

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघांनी पंधरा दिवसांची युरोप सहल केली. लंडनला उतरलो आणि रोमहून परतलो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतर कंपन्यांची पत्रके चाळली तरी क्रम साधारण हाच दिसतो. जुलैमध्ये फोटो लावायला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा प्रत्येक फोटो कुठला, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, दुपारी काय खाल्ले, हे सगळे आम्हाला सांगता येत होते. इटलीच्या फोटोंपाशी आल्यावर मात्र हे चर्च फ्लॉरेन्सचे की पिसाचे यावरून आमचा वाद झाला आणि शेवटी फोनने नोंदवलेली वेळ पाहून तो मिटवावा लागला. ज्या देशासाठी मी खरे तर पैसे भरले होते, तोच देश माझ्या डोळ्यांसमोरून अर्धवट झोपेत निघून गेला.

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही इन्सब्रुकहून निघालो. व्हेनिसपर्यंतचा रस्ता सुमारे चारशे किलोमीटरचा आहे. शहराबाहेर पडताच युरोपा पूल लागतो, जो दरीच्या तळापासून सुमारे १९० मीटर उंच आहे, आणि थोड्याच वेळात ब्रेनर खिंड ओलांडून बस इटलीत शिरते. हा सहलीतला सर्वांत देखणा रस्ता असावा. त्या पुलावर आमच्या बसमध्ये चौघे जण जागे होते, आणि त्यांत एक चालक होता.

तेराव्या दिवशी व्हेनिस झाले. त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर बस सोडून बोटीने सान मार्को या मुख्य चौकात जायचे आणि बोटीनेच परतायचे, यात मधले जेमतेम तीन तास हाती राहतात. त्यांतला पाऊण तास काचेच्या दुकानात गेला. तिथल्या कारागिराने भट्टीतून लालभडक गोळा काढून चिमट्याने चार-सहा ठिकाणी ओढला आणि मिनिटभरात मागच्या पायांवर उभा घोडा केला. ते कसब पाहताना सगळ्यांची झोप उडाली, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. पण त्यानंतर वरच्या मजल्यावर अर्धा तास फुलदाण्यांच्या किमती ऐकण्यात गेला. चौकातला उंच घंटाघराचा मनोरा १९०२ मध्ये कोसळला होता आणि आपण पाहतो तो १९१२ मध्ये पुन्हा उभारलेला आहे, हे मी घरी आल्यावर वाचले. त्या दिवशी त्या मनोऱ्याच्या सावलीत उभा राहून मी प्रसाधनगृह कुठे आहे याची चौकशी करत होतो.

चौदावा दिवस तर सांगायलाच नको. माँतेकातिनीच्या हॉटेलातून पहाटे निघून सकाळी पिसा, दुपारी फ्लॉरेन्स आणि संध्याकाळी पावणेतीनशे किलोमीटरवरचे रोम. पिसाला मनोऱ्याला हात लावल्याचे फोटो काढण्यात सारा वेळ गेला. फ्लॉरेन्सला पोहोचायला उशीर झाल्यामुळे शहरातली पायी फेरी आखूडली आणि उरलेला कार्यक्रम पियाझ्झाले मिकेलांजेलोवर, म्हणजे शहर वरून दिसते त्या उंचावरच्या चौकात, पंचवीस मिनिटांत उरकला. तिथे मिकेलांजेलोच्या प्रसिद्ध डेव्हिडचा ब्राँझचा पुतळा आहे. आमच्यापैकी निम्म्या लोकांनी 'हाच तो' म्हणून त्याच्यासोबत फोटो काढले. संगमरवरी मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमिया संग्रहालयात आहे आणि पलाझ्झो व्हेक्यो या जुन्या राजवाड्यासमोर उभा असतो तोदेखील नक्कलच, हे सांगायला त्या वेळी कोणी मोकळे नव्हते.

रात्री साडेनऊला रोममध्ये निरोपाचे जेवण झाले आणि त्याआधी बसमध्येच अभिप्रायाचे कागद भरून घेतले. अकरा वाजता रिंग रोडबाहेरच्या हॉटेलात पोहोचल्यावर खरा कार्यक्रम सुरू झाला. अख्ख्या बॅचमध्ये हुकाचा वजनकाटा एकच, आणि तो तीन मजल्यांवर फिरत होता. मर्यादा २३ किलोंची. समोरच्या खोलीतल्या काकांची बॅग पंचवीसच्या वर भरली, तेव्हा काकूंनी तिच्यातून पुण्याहून आणलेली, न फोडलेली चकलीची दोन पाकिटे आणि लाडवांचा डबा बाहेर काढला आणि लिफ्टसमोरच वाटप सुरू केले. रात्री पाऊण वाजता आम्ही दहा-बारा जण कॉरिडॉरमध्ये उभ्याने चकल्या खात एकमेकांच्या बॅगा उचलून अंदाज सांगत होतो. सकाळी साडेपाचला उठवण्याचा फोन आला. पंधराव्या दिवशी व्हॅटिकन, कलोसियम, ट्रेव्ही आणि मग विमानतळ.

माझा प्रश्न असा आहे की इटली शेवटी ठेवण्यामागे काही सबळ कारण असते का. आणि असल्यास, प्रवाशाने स्वतःपुरते काय करावे म्हणजे हे चार दिवस असे वाया जाणार नाहीत?

दोन_बॅगा:

तुमच्या लिहिण्यातले बरेच मला पटले, पण 'वाया' हा शब्द पटला नाही. मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन अशाच बॅचबरोबर गेले होते आणि त्यांचे वय तेव्हा ७४ होते. निघण्यापूर्वीच आम्ही ठरवले होते की त्यांना रोम पाहायचे आहे, तेव्हा मधले काहीतरी सोडायचे. त्याप्रमाणे ल्युसर्नला त्या संपूर्ण दुपारभर हॉटेलात झोपल्या आणि इन्सब्रुकला बसमधून उतरल्या नाहीत. पैसे भरून हॉटेलात झोपायचे, यावर बसमध्ये बरीच चर्चा झाली. कोणी मला बाजूला घेऊन तब्येतीची चौकशीही केली.

व्हेनिसला मात्र आमचा अंदाज चुकला. आम्ही घडीची चाकाची खुर्ची नेली होती. सान मार्को चौकात ती उत्तम चालली, पण गल्ल्यांत शिरल्यावर दर शंभर पावलांवर पूल आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या, त्यामुळे सासूबाई चालत होत्या आणि खुर्ची मी उचलून नेत होते. रोमच्या दगडी फरसबंदीवरही त्या खुर्चीने त्यांची हाडे खिळखिळी केली. कोणाला ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर मोठ्या चाकांची खुर्ची न्या किंवा नेऊच नका.

व्हॅटिकनला त्यांनी एकच हट्ट केला. चौकातल्या टपाल कार्यालयातून तिकिटे घेऊन तिथेच बसून नऊ कार्डे लिहिली, कारण व्हॅटिकनची तिकिटे तिथल्याच पेटीत टाकावी लागतात, बाहेरच्या इटलीच्या पेटीत चालत नाहीत. रांगेतला आमचा क्रमांक त्यात गेला आणि आम्हाला बॅसिलिकेत धावतपळत जावे लागले. कार्डे महिन्याभराने पोहोचली. सहलीतले त्यांना आज सर्वांत नीट आठवते ते हेच.

उतरलेला_मॅनेजर:

मी अनेक वर्षे टूर मॅनेजर म्हणून युरोपच्या बॅचेस नेल्या आणि आता ते काम सोडले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. इटली शेवटी येते ती इटलीवर राग आहे म्हणून नव्हे. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, वेगळा, त्यामुळे लंडन एका टोकाला ठेवावे लागते. मधोमध ठेवले तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश करावा लागतो. लंडन एका टोकाला गेले की नकाशावर दुसरे टोक रोमच उरते. आमच्याकडे मोसमात उलट्या क्रमाच्या बॅचेसही निघत. रोमला एक बॅच विमानात बसली की तीच बस दुसऱ्या दिवशी उतरणाऱ्या बॅचला घेऊन वर जाई, म्हणजे बस रिकामी परत न्यावी लागत नसे. तेव्हा धागाकर्त्यांना माझा पहिला सल्ला असा की आरक्षण करतानाच 'रोमला उतरून लंडनहून परतणारी बॅच आहे का' असे विचारावे. फारसे कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट चालकाच्या तासांची, जी प्रवाशांना कधीच नीट सांगितली जात नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालक दिवसाला नऊ तासच बस चालवू शकतो, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. रात्रीची विश्रांती अकरा तासांची, जी काही ठरावीक दिवशी नऊवर आणता येते. हे सारे टॅकोग्राफ या बसमधल्या नोंदणी यंत्रात नोंदवले जाते आणि पोलीस ते रस्त्यात थांबवून पाहतात. म्हणजे सकाळी सात वाजता चाक हलले की संध्याकाळची मर्यादा त्याच क्षणी ठरते. पिसाला तीन कुटुंबे मिळून चाळीस मिनिटे उशिरा आली, तर ती चाळीस मिनिटे फ्लॉरेन्समधूनच कापावी लागतात, कारण रोमचे हॉटेल जागचे हलत नाही. त्यातही मोठ्या आंतरराष्ट्रीय फेरीत चालकाची आठवड्याची सुट्टी बारा दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते, त्यापुढे नाही. त्यामुळे लांबच्या सहलीत शेवटी-शेवटी चालक बदलतो आणि नव्या चालकाला तुमच्या बॅचच्या सवयी माहीत नसतात.

तिसरे कारण अलीकडचे. व्हेनिसने २०२४ पासून एका गटात २५ जणांचीच मर्यादा घातली आणि गाइडने ध्वनिक्षेपक वापरण्यावर बंदी आणली. चाळीस-पंचेचाळीस जणांच्या बॅचचे त्यामुळे दोन तुकडे करावे लागतात. शिवाय इटलीत परवाना असलेल्या गाइडखेरीज इतर कोणी स्मारकांपाशी उभे राहून माहिती देऊ शकत नाही. पॅरिसभर बोलणारा तुमचा टूर मॅनेजर इटलीत गप्प का होतो, असे वाटले असेल तर कारण हे आहे. त्याने बसमध्येच आदल्या दिवशी सांगून ठेवावे, हे खरे. पण तेव्हा बस झोपलेली असते किंवा अंताक्षरी खेळत असते.

आणि अभिप्रायाचे कागद आदल्या रात्री का भरून घेतात, तर विमानतळावर कोणाच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही म्हणून. हा आमच्या धंद्याचा चतुरपणा आहे, तो मी नाकारत नाही.

मुक्काम_पोस्ट:

चालकाच्या तासांचे गणित मला खरोखर ठाऊक नव्हते. फ्लॉरेन्सला उशीर झाला त्याबद्दल मी अभिप्रायात कंपनीला दूषण दिले होते. आता आठवते की पिसाला उशिरा आलेल्या तीन कुटुंबांत एक आमचे होते. मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो हिला मनासारखा येईना म्हणून आम्ही तो सात वेळा काढला.

तायबरकाठ:

मी नोकरीनिमित्त काही वर्षे रोममध्ये राहते आणि दर उन्हाळ्यात आपल्याकडच्या बसेस व्हॅटिकनपाशी रिकाम्या होताना पाहते. ज्यांच्या हाती रोममध्ये एकच दिवस आहे त्यांनी निदान एवढे करावे.

सेंट पीटरच्या चौकात सुरक्षा तपासणीची रांग तास-दीड तासाची असू शकते. त्या वेळेत घरातल्या एकाने रांगेत उभे राहावे आणि बाकीच्यांनी कारंजी आणि मधला उंच दगडी स्तंभ यांच्या दरम्यान जमिनीत बसवलेली गोल चकती शोधावी. त्या चकतीवर उभे राहून बघितले की बर्निनी या वास्तुकाराच्या ओवरीतले चार ओळींत मांडलेले खांब एकामागे एक दडतात आणि एकच ओळ दिसते. चकतीवरून एक पाऊल बाजूला सरकले की मागचे खांब पुन्हा डोकावू लागतात. अशा चकत्या दोन आहेत, दोन्ही बाजूंना एकेक. त्यासाठी तिकीट लागत नाही, गाइड लागत नाही, आणि झोप उडवण्याची त्याची ताकद कॉफीपेक्षा जास्त आहे. आत गेल्यावर लगेच उजव्या हाताच्या पहिल्या दालनात मिकेलांजेलोचा 'पिएता' आहे. १९७२ मध्ये एकाने त्यावर हातोड्याचे घाव घातले, तेव्हापासून तो काचेमागे असतो. लोक फोन उंच करून पुढे सरकतात. तुम्ही दोन मिनिटे डाव्या बाजूच्या खांबाला टेकून थांबा, गर्दीची एक लाट ओसरतेच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, त्यांना इथे 'नाझोने' म्हणजे मोठे नाक म्हणतात, आणि ते पाणी पिण्याचे असते. तोटीच्या तोंडावर बोट धरले की वरच्या भोकातून कारंजे उडते, त्याला तोंड लावून पितात. आपल्या एका आजोबांना मी हे दाखवले तर त्यांनी बसमधल्या सर्वांना हाक मारून रांग लावली.

शेवटचे, खरेदीवर भरलेला कर विमानतळावर परत मिळवण्याबद्दल. युरोपीय संघातली खरेदी, मग ती पॅरिसची असो की फ्लॉरेन्सची, शेवटच्या विमानतळावर म्हणजे फ्युमिचिनोला सीमाशुल्क खात्याला दाखवता येते. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. तिथल्या घड्याळाचे कागद स्विस सीमा ओलांडतानाच पूर्ण करावे लागतात, आणि त्या वेळी बस झोपलेली असते. लंडनच्या खरेदीचा परतावा तर २०२१ पासून पर्यटकांना मिळतच नाही. इटलीत एका पावतीवर ७० युरोंच्या वर खरेदी लागते. पूर्वी ही मर्यादा १५४.९४ युरोंची होती, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून पावत्या फेकू नका. वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी हे काम उरका.

पंचगंगा:

धागाकर्ते पियाझ्झाले मिकेलांजेलोवर पंचवीस मिनिटे उभे होते असे वाचले, म्हणून हे लिहितो.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. तिथून घरी परतत असताना फ्लॉरेन्समध्ये त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर सहलीचे शेवटचे दिवस चालू होते. इटलीत तेव्हा दहनाची प्रथा नव्हती. त्यामुळे बरोबरच्या मंडळींना परवानगीसाठी खटपट करावी लागली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांचा संगम जिथे होतो त्या काठावर महाराजांना अग्नी दिला गेला. परमुलखात, थंडीच्या दिवसांत, नदीचा संगम शोधून तिथे चिता रचणाऱ्या त्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली गेली. चार खांबांवर घुमट आणि खाली महाराजांचा फेटा बांधलेला अर्धपुतळा, जो इंग्रज शिल्पकार फुलर यांनी घडवला. महाराजांची इंग्रजीतली रोजनिशी त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. आमचे राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचे.

ही जागा काशिने नावाच्या बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. बाग नदीकाठाने सुमारे साडेतीन किलोमीटर पसरलेली आहे. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकाला सोडते, तिथून पुढे चालत किंवा भाड्याच्या सायकलने जावे लागते. शेजारच्या, १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या पुलाचे नाव 'पोन्ते आल इंदियानो' म्हणजे भारतीयापाशी असलेला पूल. फ्लॉरेन्सचे लोक रोज गाडी घेऊन त्यावरून जातात, आणि आपल्या बसेस पिसाहून येऊन डेव्हिडच्या नकलेपाशी थांबतात. बसला तिकडे न्या असे मी म्हणत नाही, कारण वरचे चालकाचे तास वाचले. पण बसमध्ये मायक्रोफोन असतो, आणि पिसा ते फ्लॉरेन्स हा तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. तेवढ्यात हे सांगून होते.

उतरलेला_मॅनेजर:

मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो आणि मला हे ठाऊक नव्हते. त्या रस्त्यावर मी नेहमी रोमच्या हॉटेलातल्या खोल्यांची यादी वाचून दाखवत असे.

मुक्काम_पोस्ट:

पंचगंगा, तुमचे लिखाण वाचून काल रात्री तो पियाझ्झालेवरचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. आम्ही दोघे, मागे ब्राँझचा डेव्हिड, आणि त्याच्या पायाशी कोणाची तरी स्टीलची बाटली, एवढेच त्यात आहे. दुसरा एक फोटो हिने चुकून कठड्यावरून काढला होता, जो मी पुसून टाकणार होतो. त्यात आर्नो दिसते, पोन्ते व्हेक्यो हा जुना पूल दिसतो आणि पुढे नदी झाडीकडे वळून धूसर होते. नकाशावर मोजले तर कठड्यापासून ती छत्री सहाएक किलोमीटरवर येते. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप गट अजून चालू आहे, तिथे हा फोटो आणि तुमचा मजकूर टाकला. चकल्या वाटणाऱ्या काकूंचे माहेर कोल्हापूरचे निघाले. त्यांचा सकाळी फोन आला आणि त्यांनी बराच वेळ कंपनीला आणि मग स्वतःलाच बोल लावले.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फक्त फ्लॉरेन्स आणि रोम, आठ दिवस, बसविना, असा आमचा विचार चालला आहे. काकाकाकूही येतो म्हणतात. एक विचारायचे राहिले: फोटोंत छत्रीभोवती कुंपण दिसते. त्याच्या आत जाऊन फूल ठेवता येते का, की बाहेरूनच पाहावे लागते?